तुम्ही विचारलंत म्हणून: मॉन्ट्रियलचा ‘फ्रेंच’ हॉकी संघ नेमका काढला कोणी?

मॉन्ट्रियलमध्ये राहतो म्हटल्यावर महाराष्ट्रातून येणारे पाहुणे बर्फावरच्या हॉकीबद्दल विचारतातच. इथल्या ‘कॅनेडियन्स’ संघाच्या लाल जर्सी रस्तोरस्ती दिसतात, दुकानात फ्रेंच ऐकू येतं, आणि मग ठरलेला प्रश्न येतो: हा संघ इथल्या फ्रेंच लोकांनी आपल्या भाषेच्या अभिमानापोटी काढला ना? आपल्याकडे भाषेवरून एवढं काही घडलेलं असल्यामुळे हा अंदाज मराठी माणसाला चटकन सुचतो. मी दरवेळी ‘नाही’ म्हणतो, आणि ते ‘नाही’ नीट समजावायला थोडा वेळ लागतो. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढतो.

संघ काढला अ‍ॅम्ब्रोज ओब्रायन यांनी. शेजारच्या ओंटारियो प्रांतातल्या रेनफ्रू या छोट्या गावातलं हे इंग्रजी बोलणारं घराणं. वडिलांनी रेल्वेची कंत्राटं घेऊन आणि उत्तरेकडच्या कोबाल्ट भागातल्या चांदीच्या खाणींतून अमाप पैसा मिळवला होता. अ‍ॅम्ब्रोज तेव्हा अवघे चोवीस वर्षांचे. आपल्या रेनफ्रूच्या संघाने स्टॅनले चषकासाठी, म्हणजे इथल्या हॉकीतल्या सर्वांत मानाच्या चषकासाठी खेळावं, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यासाठी मोठ्या संघांच्या संघटनेत जागा हवी, म्हणून नोव्हेंबर १९०९मध्ये ते मॉन्ट्रियलच्या विंडसर हॉटेलात अर्ज घेऊन गेले. तिथे नवी कॅनेडियन हॉकी असोसिएशन आकार घेत होती. तिने रेनफ्रूला दारातूनच परत पाठवलं.

त्याच हॉटेलात आणखी एक माणूस असाच डावलला गेला होता. जिमी गार्डनर हे मॉन्ट्रियल वाँडरर्स या संघाचे. १९०८चा स्टॅनले चषक वाँडरर्सकडेच होता, म्हणजे त्यांना वगळणं खेळाच्या हिशेबात बसत नव्हतं. पण त्यांच्या नव्या मालकाला सामने स्वतःच्या ज्युबिली रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर न्यायचे होते. ते रिंक लहान होतं. प्रेक्षक कमी म्हणजे तिकिटांचे पैसे कमी, आणि त्यातला वाटा पाहुण्या संघांना मिळत असल्यामुळे बाकीच्यांनी वाँडरर्सलाच बाहेर काढलं.

एकाकडे पैसा होता, दुसऱ्याकडे नावाजलेला संघ. दोघांनी मिळून नॅशनल हॉकी असोसिएशन ही प्रतिस्पर्धी संघटना उभारली, तीही त्याच विंडसर हॉटेलात. ओब्रायन यांच्या पैशावर रेनफ्रू, कोबाल्ट आणि हेलीबरी असे तीन संघ झाले. चौथा वाँडरर्स. आणि गार्डनर यांनी सुचवलं की मॉन्ट्रियलमध्ये फक्त फ्रेंच भाषक खेळाडूंचा एक संघ काढावा. जत्रेत पैलवानांची जोड लावतात ना, तसा हा विचार होता. शहरातले इंग्रज वाँडरर्सच्या बाजूने येतील, फ्रेंच आपल्या संघाच्या बाजूने येतील, आणि रिंक भरेल. ४ डिसेंबर १९०९ रोजी कॅनेडियन्स संघ जन्माला आला. खर्च ओब्रायन यांनी उचलला, पण जमेल तितक्या लवकर संघ फ्रेंच मालकांच्या हाती द्यायचा, असंही तेव्हाच ठरलं.

शहरात फ्रेंच लोकांचा स्वतःचा एक संघ आधीच होता, ‘नॅशनल’ नावाचा. तो पहिल्या संघटनेत, म्हणजे कॅनेडियन हॉकी असोसिएशनमध्ये सामील झाला होता, आणि दोन महिन्यांच्या आत ती संघटनाच मोडली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. समाजातून उगवलेला संघ मागे पडला आणि हिशेबाने काढलेला संघ टिकला. असं का झालं, याचं उत्तर मी संस्थापकांमध्ये शोधत नाही, खेळाडूंमध्ये शोधतो.

खेळाडू जमवायचं काम जॅक लाव्हिओलेटकडे दिलं होतं. त्याने दिदिए पित्र आणि न्यूझी लालोंद यांना आणलं. पित्रवर ‘नॅशनल’नेही हक्क सांगितला आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. ५ जानेवारी १९१०ला ज्युबिली रिंकवर पहिला सामना झाला. निळ्या जर्सीवर पांढरा ‘सी’ होता, लाल रंग अजून यायचा होता. कोबाल्टविरुद्धचा तो सामना जादा वेळेत ७–६ असा जिंकला. नंतर मोडलेल्या संघटनेतले काही संघ इकडे आले, वेळापत्रक नव्याने सुरू झालं आणि तो निकाल पुसला गेला. त्या हंगामात कॅनेडियन्सने बारापैकी दोन सामने जिंकले आणि संघ तळाला राहिला.

पण त्याच हिवाळ्यात ते शिकुटिमी गावात एक मैत्रीपूर्ण सामना खेळायला गेले आणि गावच्या हौशी संघाकडून हरले. समोरच्या गोलरक्षकाचं नाव होतं जॉर्ज व्हेझिना. कॅनेडियन्सचा गोलरक्षक होता जोसेफ कॅटारिनिक. हा मुलगा आपल्यापेक्षा सरस आहे, याला घ्या, असं कॅटारिनिकनेच संघाला सांगितलं, म्हणजे स्वतःची जागा स्वतःच दुसऱ्याला दिली. या संघाच्या इतिहासात मला याहून मोठ्या मनाची गोष्ट दुसरी दिसत नाही. व्हेझिना पुढच्या हंगामात आला आणि नोव्हेंबर १९२५पर्यंत त्याने एकही सामना चुकवला नाही. साखळीचे सलग ३२८ सामने. शेवटच्या सामन्यात तो क्षयाने पोखरलेल्या अंगाने आणि तापात गोलसमोर उभा राहिला, पहिल्या सत्रानंतर त्याला बाहेर नेलं, आणि मार्च १९२६मध्ये तो गेला. आजही सर्वोत्तम गोलरक्षकाला त्याच्या नावाचा चषक देतात.

मालकीची गोष्ट मधल्या काळात पुढे सरकली होती. पहिल्याच हंगामानंतर जॉर्ज केनेडी या कुस्तीगीराने नावावरून भांडण काढलं, कारण त्यांचा ‘क्लब अ‍ॅथलेटिक कॅनेडियन’ आधीपासून होता. ७,५०० डॉलरमध्ये संघ त्यांच्याकडे गेला. त्यांच्याच काळात १९१६चा पहिला स्टॅनले चषक मिळाला आणि १९१७मध्ये नॅशनल हॉकी लीग ही आजची मुख्य साखळी सुरू झाली, पुन्हा विंडसर हॉटेलातच. १९१९ची अंतिम मालिका सिअ‍ॅटलमध्ये इन्फ्लुएन्झाच्या साथीमुळे अर्धवट सोडावी लागली. इंग्लंडमध्ये जन्मलेला बचावपटू जो हॉल तिथेच इस्पितळात वारला. केनेडीही आजारी पडले, पुरते बरे झालेच नाहीत, आणि १९२१मध्ये गेले.

तेव्हा संघ ११,००० डॉलरला विकला गेला. घेणारे तिघे: लिओ दांदुराँ, लुई लेतुर्नो आणि जोसेफ कॅटारिनिक. होय, तोच गोलरक्षक. संघ फ्रेंच मालकांच्या हाती देण्याचा १९०९ सालचा शब्द बारा वर्षांनी असा खरा झाला.

तो फार काळ टिकला नाही. मंदीत प्रेक्षक आटले. १९३५मध्ये शहरातला इंग्रजांचा संघ ‘मरून्स’ ज्या कंपनीचा होता, तिनेच कॅनेडियन्स विकत घेतला. दोनांपैकी एकच जगणार हे दिसत होतं, आणि १९३८मध्ये मरून्स बंद पडला. तिकीट काढून येणाऱ्यांनी निवड केली, असं मी म्हणतो. १९५५मध्ये संघाचा लाडका फ्रेंच भाषक खेळाडू मॉरिस रिशार याच्यावर बंदी आल्यावर याच प्रेक्षकांनी सेंट कॅथरिन रस्ता पेटवला. त्या दंगलीबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे, इथे पुन्हा सांगत नाही.

आज संघ मोल्सन या इंग्रजी भाषक घराण्याकडे आहे. १९५७पासून मधली काही वर्षं सोडली तर तो त्यांच्याशी जोडलेलाच आहे. मालक कोण, यावरून इथे कोणी फारसं भांडत नाही. पण डिसेंबर २०११मध्ये फ्रेंच न येणाऱ्या रँडी कनिवर्थ यांना हंगामी प्रशिक्षक नेमलं, तेव्हा चाहते बेल सेंटर या संघाच्या स्टेडियमबाहेर निदर्शनं करत उभे राहिले आणि कायमचा प्रशिक्षक फ्रेंच बोलणारा असेल, असं मालक जेफ मोल्सन यांना सांगावं लागलं. ही मागणी काहींना हट्टी वाटते. मला ती रास्त वाटते. हारजितीचा खुलासा प्रशिक्षकाने रोज द्यायचा असतो, आणि ज्यांच्या तिकिटांवर हा संघ ओब्रायन, केनेडी, मंदी आणि मरून्स या सगळ्यांनंतरही उभा राहिला, त्यांना तो त्यांच्याच भाषेत मिळायला हवा.