तुम्ही विचारलंत म्हणून: व्हॅनचा टप का कापला

मंडळाच्या गणपतीला, दवाखान्याच्या पार्किंगमध्ये, पेट्रोल भरताना, कुठेही गाडी उभी केली की कोणीतरी विचारतंच. एवढी धडधाकट गाडी, तिचा टप कापून उंच कशाला केलात, सरळ उंच छताची व्हॅन घ्यायची ना. आणि त्याला जोडून, मिस्टरांनी केलं का हे? मिस्टरांनी नाही, मी केलं. बारा-तेरा वर्षं तुकड्यातुकड्यांनी उत्तरं देतेय, आज एकदाच सगळं लिहिते.

सरळ घ्यायची तर कुठली घ्यायची? ही 2012 ची गोष्ट आहे, इथे ओहायोतली. तुम्ही मला जी उंच छताची फोर्ड ट्रान्झिट दाखवता ती अमेरिकेत विकायला आली 2014 मध्ये. स्प्रिंटर ही दुसरी उंच व्हॅन मिळायची, पण जुनी सुद्धा आम्हाला परवडणारी नव्हती. दारात 1997 ची फोर्डची इकॉनोलाइन व्हॅन उभी होती, इंजिन छान, बाजूच्या दाराला व्हीलचेअरची लिफ्ट आधीच बसवलेली. आत उंची जेमतेम 53 इंच. लेक बारा वर्षांची झाली, एका उन्हाळ्यात भराभर वाढली, त्यात नवीन पॉवरचेअर, म्हणजे मोटरवर चालणारी व्हीलचेअर, आली तिची सीट जुनीपेक्षा उंच, आणि थेरपीला जाता-येता चाळीस-चाळीस मिनिटं ती हनुवटी छातीला लावून बसायला लागली. आरशात मला तिचा चेहरा दिसायचा नाही, फक्त भांग दिसायचा. एवढं कारण पुरे होतं मला.

फायबरची भीती मला नव्हती. मालवणात आमच्या घराच्या मागेच होड्यांना फायबर मारायचे, दादा अजून तेच काम करतो, फायबर चिकटवायच्या रेझिनचा तो डोक्यात जाणारा वास म्हणजे माझं माहेर. जंकयार्डमध्ये व्हीलचेअरवाल्यांची ने-आण करणारी एक जुनी इकॉनोलाइन पडलेली होती, तिचा उंच फायबरचा टप मिळाला. बांधा तोच आहे ना ते बघावं लागतं, लांब बॉडीची इकॉनोलाइन मागे 20 इंच जास्त असते, तिचा टप आपल्याला चालत नाही. एका कोपऱ्याला तडा होता तो फायबरची मॅट आणि रेझिनने भरला. ऑक्टोबर उजाडला, ओहायोतली थंडी, रेझिन चिकटच राहतंय म्हणून रडकुंडीला येऊन दादाला फोन केला, तर म्हणाला, "बाय, थंडीत वेळ लागताच. हार्डनर वाढवू नको, ऊब दी." हीटर लावला, सकाळी दगडासारखं घट्ट.

कापायचं काम जिगसॉने, म्हणजे विजेच्या छोट्या करवतीने, केलं. ग्राइंडरने लवकर होतं पण तापलेले कण रंगात आणि काचेत रुततात आणि गंज तिथूनच धरतो, ओहायोत रस्त्यावर मीठ टाकतात त्यामुळे आधीच गंजाशी भांडण. कडेच्या पन्हळीपासून तीन इंच पत्रा ठेवला. टपाखालच्या आडव्या पट्ट्या कापल्या गेल्या आणि गाडीची कड हाताने ढकलली तर हलली. हलली! पोटात गोळा आला. मग फॅब्रिकेशनवाल्याकडून कापलेल्या कडेने आतून चौकोनी पाइपची फ्रेम वेल्ड करून घेतली, वर दोन कमानी टाकल्या, टप पॉलीयुरेथेनने चिकटवला, वर बोल्ट. ते सीलंट हवेतल्या दमटपणाने घट्ट होतं, दिवसाला तीनेक मिलिमीटर, म्हणून आठवडाभर गाडी हलवली नाही.

गाडी उलटली तर, असं विचारणाऱ्यांना: फॅक्टरीच्या टपाची ताकद मी घालवली, हे खरं आहे आणि ते मी लपवत नाही. चेअरचे चारही पट्टे जमिनीला बांधलेले आहेत, टपाला काहीही नाही. पण रात्री हायवेला आडवा वारा आला की गाडी ढकलली जाते आणि हा प्रश्न तुमच्या आधी माझ्या मनात येतो. त्यामुळे तो रागाने विचारू नका.

आता जे मी कधी सांगत नाही ते.

पहिल्या दिवशी तिला बाहेर आणलं. मी आत खिडकीला जास्वंदाच्या फुलांचे पडदे लावले होते. लिफ्टवर चढली, मी बटण दाबलं, प्लॅटफॉर्म वर गेला, चेअर पुढे घेतली आणि तिचं कपाळ दाराच्या वरच्या पट्टीला टेकलं. मी टप चौदा इंच वर नेला होता. दार होतं तिथेच होतं. दाराची उंची 48 इंचांच्या आसपास, आधी होती तेवढीच. मी बटणावर बोट ठेवून तशीच उभी. ती म्हणाली, "आई, वाकते ना मी, सवय आहे मला." आणि वाकली, आत गेली, आणि आत गेल्यावर ताठ बसली, वर बघितलं, हात वर करून टपाला लागतो का बघितला, लागला नाही, हसली. मी गॅरेजच्या मागे जाऊन रडले.

सार्वजनिक वाहतुकीच्या छोट्या गाड्यांना सुद्धा लिफ्टचा प्लॅटफॉर्म वर असताना दारात 56 इंच मोकळे लागतात, असा इथला नियम आहे, तो मला नंतर कळला. आणि ज्या गाडीचा टप मी काढून आणला तिला उंच केलेलं दारही होतं. चौकटीसकट. मी ते जंकयार्डमध्ये सोडून आले, कारण मला टप हवा होता. सोमवारी परत गेले तर ती गाडी क्रश करून झाली होती.

तेव्हाच्या माझ्याशी मी अजून भांडते. टेप हातात होता बाई, टपाची उंची सात वेळा मोजलीस, दाराची एकदाही नाही? तेव्हाची मी म्हणते, दारात तर लेक आधीही वाकतच होती, दोन सेकंद, मला चाळीस मिनिटांची मान सोडवायची होती आणि ती मी सोडवली. मला हे उत्तर पटतं. दुसऱ्या दिवशी नाही पटत. दार उंच करायचं तर वरची चौकट कापून फायबरमध्ये न्यायची, तिथे पुन्हा पोलादी चौकट बसवायची, दोन जणांनी सांगितलेला खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होता. एकदा पैसे साठले तेव्हा ट्रान्समिशन गेलं. आणि खरं सांगायचं तर परत ती कड हाताला हलताना बघायचं धाडस माझ्यात नव्हतं.

आता लेक पंचवीसची आहे. चेअर मागे कलते, दारापाशी ती कलवते, आत आली की सरळ करते. दाराच्या त्या वरच्या पट्टीवर मी फोमची पट्टी लावलीय, मऊ, निळ्या रंगाची. ऊन लागून तिचा भुगा होतो, दर दोन वर्षांनी बदलते. रंग दर वेळी ती निवडते.