चाळकेवाडीच्या पठारावरचे सरडे

मे महिन्यातल्या एका सकाळी साताऱ्याहून निघून, सज्जनगडाचा फाटा आणि ठोसेघर मागे टाकून चाळकेवाडीच्या पठारावर पोहोचलो, तेव्हा नऊही वाजले नव्हते, पण जांभा तापू लागला होता. मी मान वर करून पवनचक्क्या न्याहाळत असताना एका गुराख्याने हटकले, "वर काय बघताय पाव्हणं, पायाखाली बघा की!"

चार पावलांवरच्या दगडावर एक नर सरडा चढून बसला होता. मान ताठ करून त्याने गळ्याखालची घडी पंख्यासारखी उलगडली. निळा, काळा आणि नारिंगी असे तीन रंग क्षणभर झळकले आणि मिटले. याचे शास्त्रीय नाव 'सरडा सुपर्बा'. २०१६ साली बारसे झालेली 'सरडा' ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, आपल्या मराठी 'सरडा' शब्दावरून ओळखली जाते, आणि तिच्यातल्या दुसऱ्या एका जातीला डार्विनचे नाव दिले आहे, याचे मला उगाचच कौतुक वाटते.

हा पंखा मादीला दिसतो, तसाच शिकारी पक्ष्यालाही. मादीची पसंती रंग गडद करू पाहते, तर कापशी आणि तिसा यांच्यासारखे पक्षी त्याला आवर घालतात. जगण्यातरण्याची कसोटी म्हणजे नैसर्गिक निवड आणि जोडीदाराची पसंती म्हणजे लैंगिक निवड, यांची ही ओढाताण आहे. पवनचक्क्यांच्या परिसरात हे पक्षी जवळजवळ एकचतुर्थांशच उरले आहेत. मग तिथे रंग खुलायला हवा होता. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१८ साली मांडलेले निष्कर्ष मात्र उलटे आहेत: सरड्यांची संख्या वाढली, खाण्यासाठी चढाओढ लागली, अंगकाठी रोडावली आणि पंखे फिके पडले.

अर्थात, अर्धपोटी राहिलेल्या सरड्याचा रंग त्याच्या हयातीत उतरला, तर तेवढ्याने उत्क्रांती होत नाही. फरक आनुवंशिक असावा लागतो आणि पिढ्यांमागून पिढ्या त्या जनुकांचे प्रमाण बदलावे लागते. तेही दरवेळी निवडीनेच बदलते असे नाही. दऱ्यांनी तोडलेल्या पठारावर एखादी लहान वसाहत अडकली, तर निव्वळ योगायोगानेही एखादे जनुक तिथे टिकते किंवा नाहीसे होते, आणि बाहेरून येणारे सरडे मिसळत राहिले तर हे वेगळेपण पुसले जाते.

दुपारी पवनचक्क्या नसलेल्या भागाकडे चालत गेलो. तिथे एका दगडावर तसाच पंखा उघडलेला दिसला. सकाळच्या सरड्याने मला चार पावलांवर येऊ दिले होते. याने वीस पावलांवरूनच कपारीत दडी मारली.