आयपी धावतं, आयपीएक्स अडतं

फ्रेम रिलेवर (दूरच्या शाखा जोडायचं जुनं नेटवर्क तंत्र) नोव्हेलचं आयपीएक्स (आयपीसारखाच, नेटवेअर सर्व्हरांचा जुना प्रोटोकॉल) चालवायचं काम अजूनही अधूनमधून माझ्याकडे येतं. खऱ्या लाइनवर नाही, नेटवर्कची नक्कल करणाऱ्या जीएनएस-3 सॉफ्टवेअरमधल्या फ्रेम रिले स्विचवर. कुणाला जुना कॉन्फिग समजून घ्यायचा असतो, कुणाला हौस असते. तक्रार मात्र ठरलेली: आयपीचा पिंग सगळीकडे जातो, पण एका शाखेला दुसऱ्या शाखेचा नेटवेअर सर्व्हर दिसत नाही. मग मंडळी फ्रेम रिलेच्या मॅपच्या (कुठला पत्ता कुठल्या जोडणीवर, ते सांगणाऱ्या) ओळी पुसून पुन्हा लिहीत बसतात.

मॅपचा बिचाऱ्याचा दोष नसतो. मधल्या राउटरच्या एकाच सिरियल इंटरफेसवर सगळ्या शाखांचे डीएलसीआय, म्हणजे जोडण्यांचे क्रमांक, लावलेले असतात. एका शाखेकडून आलेला रूट, म्हणजे मार्गाची माहिती, त्याच इंटरफेसमधून परत बाहेर पाठवायचा नाही, हा स्प्लिट होरायझनचा नियम. सिस्कोच्या राउटरवर फ्रेम रिले लावलेल्या मूळ इंटरफेसवर आयपीसाठी हा नियम आपोआप बंद असतो. आयपीएक्सच्या रिप (रूट कळवणारा प्रोटोकॉल) आणि सॅपसाठी (सेवांची जाहिरात करणारा) तो चालूच असतो आणि बंद करायची सोयही नाही. म्हणून आयपी धावतं, आयपीएक्स अडतं.

उपाय एकच मला पटतो: प्रत्येक पीव्हीसीला, म्हणजे शाखेपर्यंतच्या कायमच्या आभासी जोडणीला, वेगळा पॉइंट-टू-पॉइंट सबइंटरफेस (इंटरफेसचा एकाच जोडणीसाठीचा आभासी भाग) आणि प्रत्येकाला स्वतःचा आयपीएक्स नेटवर्क नंबर. नंबर 32 बिटांचा, त्यामुळे कंजुषी करायची गरज नाही. मी डीएलसीआय 102 असेल तर नेटवर्कही 102 च देते. रात्री-अपरात्री वाचताना डोकं कमी खाजवावं लागतं. सबइंटरफेस बनवताना प्रकार नीट ठरवा. सिस्कोच्या राउटरच्या जुन्या आयओएस सॉफ्टवेअरमध्ये मल्टिपॉइंटचा (अनेक जोडण्यांसाठीच्या सबइंटरफेसचा) पॉइंट-टू-पॉइंट करायचा तर राउटर रीलोड करावा लागतो.

रूट पोचू लागले की खरी गंमत सुरू होते, ती म्हणजे सॅप. प्रत्येक सर्व्हर, प्रत्येक प्रिंट सर्व्हर आपली जाहिरात करतो आणि राउटर ती पूर्ण यादी दर 60 सेकंदांनी पुढे पाठवतो. एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त 7 सेवा मावतात आणि असं भरलेलं आयपीएक्स पॅकेट 480 बाइटचं होतं. समजा यादीत 700 सेवा आहेत. म्हणजे 100 पॅकेट, 3,84,000 बिट. मधल्या ऑफिसची लाइन 64 केबीपीएसची असेल तर एका शाखेला यादी पाठवायला 6 सेकंद. ब्रॉडकास्टची प्रत प्रत्येक पीव्हीसीसाठी वेगळी काढावी लागते, तेव्हा शाखा 10 असतील तर 60 सेकंद. मिनिट संपलं, लाइन भरली, फाइल अजून निघालेलीच नाही! आणि यात फ्रेम रिलेचं हेडर धरलेलंसुद्धा नाही.

दूरच्या शाखेला कुठला तरी प्रिंटर कशाला दिसायला हवा? 1000 ते 1099 या क्रमांकांतली ॲक्सेस लिस्ट, म्हणजे गाळणीची यादी, लिहून बाहेर जाणाऱ्या सॅपवर लावा आणि टाइप 4, म्हणजे फाइल सर्व्हर, तेवढेच जाऊ द्या. दोन्ही टोकांना सिस्को असेल तर आयपीएक्ससाठी ईआयजीआरपी (सिस्कोचा रूटिंग प्रोटोकॉल) त्याहून बरं. सिरियलवर ते बदल झाला तरच सॅप पाठवतं.

टोकाला दुसऱ्या कंपनीचा राउटर असेल तर एन्कॅप्सुलेशन (पॅकेट फ्रेममध्ये गुंडाळायची पद्धत) आयईटीएफ, म्हणजे सगळ्या कंपन्यांना चालणाऱ्या मानकाचं, करा. एलएमआय व्यवस्थित चालू आहे म्हणून इथे गाफील राहू नका. एलएमआय तुमच्या राउटरचं आणि स्विचचं बोलणं, एन्कॅप्सुलेशन दोन टोकांच्या राउटरांचं.

आणि त्याच राउटरवर डेकनेटही (डेक कंपनीचा जुना प्रोटोकॉल) चालवायचं असेल तर आधी डेकनेट, मग आयपीएक्स. डेकनेट इथरनेटचा मॅक पत्ता (हार्डवेअरचा पत्ता) बदलून एए-00-04-00 ने सुरू होणारा करतं. सिरियलला स्वतःचा मॅक नसल्यामुळे आयपीएक्स आपला नोड नंबर त्याच इथरनेटकडून उसना घेतं. क्रम उलटा झाला की इथरनेटवर एक पत्ता आणि आयपीएक्सच्या वहीत दुसरा.