क्लीनर साइडला बसून पाहिलेला घाट

वीस वर्षं मी बिल्ट्या, म्हणजे ट्रकने जाणाऱ्या मालाच्या पावत्या लिहिल्या. नाशिकला आडगाव नाक्याच्या बाजूला एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात. आधी कार्बन घालून हाताने, नंतर कॉम्प्युटरवर. माल कोणाचा, नग किती, वजन किती, गाडी नंबर, ड्रायव्हरचं नाव. खाली ड्रायव्हरची सही झाली की माझं काम संपायचं आणि त्याचं सुरू व्हायचं. मला आता ४६वं लागलंय. गेले चार महिने एकच विचार मागे लागलाय : ही सही करणारा माणूस आपण व्हायचं का?

ऑफिसात आम्ही चौघं होतो, आता दोघं उरलोय. २०१८च्या एप्रिलमध्ये ई-वे बिल, म्हणजे माल रस्त्याने न्यायला लागणारं जीएसटीचं ऑनलाइन बिल सुरू झालं तेव्हा उलट आमची धावपळ वाढली होती. माल पाठवणाऱ्या प्रत्येक पार्टीला समजावून सांगायचं, बिल काढून द्यायचं, मुदत संपत आली की वाढवायची. आता पार्ट्या स्वतःच बिल काढून मोबाइलवर पाठवतात. तीन वर्षं पगार जिथल्या तिथे आहे आणि मुलगी बारावीला आहे. आणि माझ्या टेबलासमोरच्या खिडकीतून रोज दिसतं ते असं : यार्डात दोन-तीन गाड्या उभ्या. माल तयार, बँकेचा हप्ता चालू, पण चालवायला माणूस नाही. शेठ ओळखीच्या ड्रायव्हरांना फोन लावत बसतात. एक दिवस ते सहज म्हणाले, "तुमच्यापेक्षा ड्रायव्हरच्या हातात महिन्याला जास्त पडतात आता, पण माणूस मिळत नाही." ते बोलून चहा प्यायला निघून गेले. मी तिथेच अडकलो.

माणूस का मिळत नाही, हे मला पहिल्यापासून दिसत आलंय. मी नोकरीला लागलो तेव्हा प्रत्येक गाडीवर दोघं असायचे, ड्रायव्हर आणि क्लीनर. क्लीनर पोरगा ताडपत्री बांधायचा, रस्सा ओढायचा, टामी, म्हणजे लोखंडी कांब घेऊन एकेक टायर ठोकत फिरायचा आणि आवाजावरून हवा सांगायचा. भात शिजवायचा, काच पुसायचा, डाव्या बाजूचं बघायचा. पाच-सात वर्षं अशी गेली की वस्ताद रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर स्टेअरिंग हातात द्यायचा. ड्रायव्हर असा तयार व्हायचा. आता गाडीवर एकटाच माणूस जातो. क्लीनरचा पगार वाचला, पण पुढचा ड्रायव्हर जिथून यायचा ती विहीरच बुजली. ट्रकच्या डाव्या बाजूला आजही सगळे क्लीनर साइडच म्हणतात. फक्त तिथे कोणी बसलेलं नसतं.

कागदांचं म्हणाल तर मला फार अडचण नाही. कारचं लायसन्स माझ्याकडे २००९पासून आहे. ट्रान्सपोर्टच्या शिकाऊ लायसन्सला ते निदान वर्षभर जुनं असावं लागतं. आठवी पासची अट २०१९ला निघाली, तशी मला ती आडवी आलीच नसती. डॉक्टरांचा दाखला लागतो, नमुना १-अ. ट्रान्सपोर्टचं लायसन्स पाच-पाच वर्षांनी नवं करावं लागतं. साडेसात टनांपर्यंतच्या एकूण वजनाची गाडी तर आहे त्याच लायसन्सवर चालवता येते. ६ नोव्हेंबर २०२४ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ते पक्कं केलं. म्हणजे चारशे सातसारखा छोटा ट्रक मी उद्याही हातात घेऊ शकतो, आणि पुष्कळ जण मला तेच सुचवतात. पण आमच्या यार्डात उभ्या आहेत त्या दहा टायरच्या. २०१८च्या नियमानुसार त्या भरल्यावर साडेअठ्ठावीस टनांपर्यंतच्या.

मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रात जड वाहनाचा कोर्स सहा आठवड्यांचा, ३८ तासांचा असतो. हा आकडा मी डायरीत लिहून ठेवला आणि त्याच्याकडे बराच वेळ बघत बसलो. क्लीनर पोराची सात वर्षं एका बाजूला आणि माझे ३८ तास दुसऱ्या बाजूला. लायसन्स त्यातून निघेल. गाडी येईल का?

म्हणून मागच्या महिन्यात मी मामांना विचारलं. मामा आमच्याकडचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, सिन्नरकडचे. वय ६०च्या अलीकडे-पलीकडे. सगळे त्यांना मामाच म्हणतात. म्हटलं, "मामा, रविवारी भिवंडीची गाडी आहे तुमची. मी क्लीनर साइडला बसू का?" त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, कारण विचारलं नाही. "पहाटे चारला या भाऊसाहेब. स्वेटर आणा."

पहाटे गाडी सुरू केल्यावर मामा हलले नाहीत. डॅशबोर्डवर हवेचा काटा हळूहळू वर चढत होता, तिकडे बघत बसले. एअर ब्रेकच्या गाडीत टाकीत हवा भरल्याशिवाय हँडब्रेक सुटत नाही. वीस वर्षं मी खिडकीतून ओरडत आलोय, "अहो, निघा ना, सुरू केली ना गाडी!" ते कशासाठी थांबायचे, ते मला त्या दिवशी कळलं.

घोटीचा टोल गेला, इगतपुरी आली. घाटनदेवीपाशी मामांनी गाडी बाजूला घेतली, खाली उतरून हात जोडले, टायरवरून हात फिरवला. गरम आहे का ते बघत होते. मग वर येऊन म्हणाले, "आता माझ्याकडे बघू नका, पायाकडे बघा."

मी बघत राहिलो. कसारा घाट लागायच्या आधीच, अजून रस्ता सपाट असताना, त्यांनी गियर खाली घेतला. ज्या गियरमध्ये भरलेली गाडी हा घाट चढेल, त्याच गियरमध्ये ती उतरवायची. उतारावर वेग धरल्यावर गियर टाकायला गेलं तर पडत नाही आणि गाडी न्यूट्रलमध्ये राहते. मग अख्खं वजन एकट्या ब्रेकवर येतं. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धूर अडवून इंजिनालाच गाडी धरायला लावणारा ब्रेक लावल्यावर इंजिनाचा आवाज बदलला, घशात अडकल्यासारखा झाला आणि मागून कोणीतरी धरून ठेवल्यासारखी गाडी जड झाली. मामांचा उजवा पाय ब्रेकच्या वर, पण टेकलेला नाही. वेग थोडा वाढला की एकदा घट्ट दाबायचा आणि सोडायचा. फुस्स आवाज यायचा. पुन्हा पाय वर. सगळा घाट उतरेपर्यंत त्यांनी किती वेळा ब्रेक लावला ते मी मोजलं. अकरा वेळा.

"सारखा पाय ठेवला तर?" मी विचारलं.

"ब्रेकचे लायनर तापतात. तापले की दाबा कितीही, धरत नाहीत. लोक म्हणतात ब्रेक फेल झाला." थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "डिझेल वाचवायला न्यूट्रल करतात पोरं. मालक अ‍ॅव्हरेज मागतो ना."

अ‍ॅव्हरेज मालक मागतो हे खरं, पण मालकाच्या वतीने ते वहीत उतरवून घेणारा, डिझेल जास्त लागलं तर हिशोबातून कापणारा माणूस मी होतो. पुण्याला कात्रज बोगद्याकडून नवले पुलापर्यंतच्या उतारावर इतकी वर्षं अपघात होतायत. तिथे न्यूट्रल करू नका म्हणून पोलीस सांगून थकले. तिथलं काही ऐकलं की आता मला आमच्या वहीतला अ‍ॅव्हरेजचा रकाना आठवतो.

आणखी एक गोष्ट मला इथे लिहायचीच आहे. पाच वर्षांपूर्वी एक ड्रायव्हर दोन रात्रींचा जागा होऊन आला. म्हणाला, "साहेब, चार तास झोपतो, मग निघतो." पार्टीचा फोनवर फोन चालू होता. मी बिल्टी त्याच्या हातात दिली. शहापूरच्या पुढे त्याचा डोळा लागला, गाडी डिव्हायडरवर गेली. दुसऱ्या कोणाला लागलं नाही, त्याचा पाय मोडला. तेव्हा १९६१चा मोटार वाहतूक कामगार कायदा लागू होता (नोव्हेंबर २०२५मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली). त्यात दिवसाला आठ तासांचं काम धरलं होतं आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. हा कायदा मी पहिल्यांदा वाचला तो चार महिन्यांपूर्वी, स्वतः स्टेअरिंगवर बसायचा विचार आल्यावर. त्याआधी वाचायला हवा होता. त्या ड्रायव्हरला मी जाऊन भेटलो, माफी मागितली. तो आता गावी पिठाची गिरणी चालवतो. म्हणाला, "तुम्ही येऊ नका या लाइनला." त्याचं म्हणणं मी बाजूला टाकलेलं नाही.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. पैशांचं काही बोलली नाही. रात्री उशिरा म्हणाली, "अहो, तुमचं काही झालं तर मी बघेन कसंतरी. पण तुमच्या हातून कोणाचं लेकरू गेलं तर तुम्ही जगाल का?" जानेवारी २०२४मध्ये हिट अँड रनच्या दहा वर्षांच्या शिक्षेवरून ड्रायव्हर संपावर गेले, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. तेव्हा आमच्या ऑफिसात रोज हीच चर्चा होती. ते कलम सरकारने अजून लागू केलेलं नाही. पण ती कलमाबद्दल बोलत नव्हती. मी उत्तर देऊ शकलो नाही.

दुसऱ्या रविवारी परत येताना, गाडी रिकामी असताना, मामांनी यार्डात मला स्टेअरिंगवर बसवलं. कारमध्ये पुढची चाकं आपल्या पुढे असतात. इथे चाक माणसाच्या बुडाखाली, किंबहुना जरा मागेच. कारच्या सवयीने वळवलं की मागची चाकं कोपऱ्यावर चढणार. भिंत अंगावर आली असं वाटेपर्यंत सरळ जायचं आणि मग वळवायचं. तीनदा चुकलो, चौथ्यांदा जमलं. डावीकडचा भाग मात्र आरशातही पुरता दिसत नव्हता. एक मोटारसायकल तिथे येऊन उभी राहिली, ती मला दिसलीच नाही. मामांनी हात वर केला म्हणून थांबलो. बायकोचा प्रश्न म्हणजे ती आरशात न आलेली मोटारसायकल.

तपासणी करून घेतली. दूरचा चष्मा लागला, रंग नीट ओळखतो, साखर काठावर आहे. डॉक्टर म्हणाले, दाखला देता येईल, पण ढाब्यावरचं खाणं आणि बसून राहणं तुम्हाला मानवणार नाही. रात्री पावसात समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळ्यांपुढे तारे पसरतात, हे मी त्यांना आपण होऊन सांगितलं. त्यामुळे एक ठरलं : लांबची लाइन नाही. दिल्ली नाही, बंगळूर नाही. नाशिक ते भिवंडी, सकाळी जाऊन रात्री घरी. भत्ता कमी पडेल, पडू दे. शेठना तसं सांगितलंय, त्यांची हरकत नाही. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ला पूर्ण खुला झाला, इगतपुरीहून बोगद्यातून थेट भिवंडीजवळ आमणेला उतरता येतं. त्या रस्त्याने गेलं तर कसारा घाट लागतच नाही. तरी मला घाट उतरवता आल्याशिवाय मी बिल्टीवर सही करणार नाही. टोल वाचवायला घाटानेच जा, असा फोन कधीही येऊ शकतो. असे फोन मीच केलेत.

तर आत्ता इतकं झालंय. कोर्सला नाव घातलं, वर्ग पुढच्या महिन्यात सुरू होतील. सहा आठवडे ऑफिसात अर्धा दिवस जाणार, पगारही तेवढाच मिळणार. दिवाळीपर्यंतचा प्रत्येक रविवार मामांच्या गाडीवर, क्लीनर साइडला. ताडपत्री मीच बांधतो, टायर मीच ठोकतो. ठोकल्यावर टणक आवाज आणि बसका आवाज यातला फरक आता ऐकू यायला लागलाय. मागच्या रविवारी आतल्या बाजूचं एक चाक कमी हवेचं निघालं, ते मी सांगितलं. मामा खाली वाकून बघून आले आणि काही न बोलता पंक्चरवाल्याकडे गाडी घेतली.

लायसन्स आलं तरी ऑफिसची खुर्ची कधी सोडायची, ते मी मामांवर ठेवलंय. भरलेली गाडी माझ्या हातात देऊन ते ज्या दिवशी क्लीनर साइडला डोळे मिटून बसतील, त्या दिवशी. हे त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बघू." अजून तरी घाट लागला की ते मला पायाकडेच बघायला सांगतात.