नऊ थर, एक घास

इथे बँकॉकमध्ये ऑफिसात कुणाला प्रमोशन मिळालं की टेबलावर हमखास हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचं खानोम चान येतं, म्हणजे थरावर थर वाफवून केलेली थाई मिठाई. लग्नातही असतंच. थर चढत जातात तसा माणूसही वर चढावा ही भावना, आणि थर नऊ कारण नऊ आकडा इथे शुभ. आता कोपऱ्याकोपऱ्यावर मस्त मिळत असताना घरी कशाला करायचं? तर वासासाठी. पांदान नावाच्या झाडाची सुवासिक हिरवी पानं कापून थोड्या पाण्यात मिक्सरला फिरवून गाळली की किचनभर जो वास सुटतो ना, तो इसेन्सच्या बाटलीतून येत नाही. इसेन्सवालं मला लांबूनच कळतं, उगाच भडक हिरवं असतं. निळे थर हवे असतील तर आपली गोकर्णाची फुलं, तीच इथेही वापरतात.

बाकी सामान अगदी साधं. टॅपिओकाचं पीठ (साबुदाणा ज्याचा होतो तेच), आरारूट, तांदळाचं पीठ, साखर, नारळाचं दूध. अंडं नाही, मैदा नाही, तांदळाचं पीठ नसतं तर चतुर्थीलाही चाललं असतं! पिठात नारळाचं घट्ट दूध थोडं थोडं घालून आधी नीट मळायचं, मग साखरेचं पाणी घालून पातळ करायचं, आणि अर्ध्यात पांदानचा रस.

खरं काम इथून पुढे. गोव्याच्या थराथराच्या बेबिंकाला वरून आच लागते, हे सगळं वाफेवर. एक थर ओतला की पाचेक मिनिटं थांबा, सेट झाला की दुसरा, कच्चा राहिला तर रंग एकमेकांत शिरतात आणि जास्त शिजला तर वरचा थर धरत नाही, दरवेळी पीठ ढवळून घ्यायचं कारण ते तळाला बसतं, झाकणाला फडकं बांधायचं नाहीतर वाफेचं पाणी टपटप वर पडतं, आणि ह्यात कुणाचा फोन आला तर घ्यायचा नाही, आईचासुद्धा. मग पूर्ण गार होईपर्यंत सुरी लावायची नाही, चिकटतं.

आणि खायचं कसं? एकेक थर बोटांनी सोलून, जिभेवर ठेवून, निवांत. इथली पोरं तसंच खातात. माझा नवरा मात्र अख्खा तुकडा एका घासात गट्टम करतो आणि वर विचारतो, अजून आहे का. पुढच्या वेळी त्याला एकाच जाड थराचं करून देणार आहे, चवीत तसाही काही फरक पडत नाही म्हणा.