राजदूतचे हुक अन् आबाजींचा फेटा

सोमवार, रात्री. जेवणं झाली, मधात लाइन गेली होती ती आत्ता आली.

तूर घरी आली, कापसाचा शेवटचा वेचा तेवढा बाकी आहे, म्हणून हात जरा रिकामा अन् लिहायला बसलो. आज सकाळी यवतमाळहून एक फोटोग्राफर आला, सोबत बॅगा उचलणारी पोरं अन् शेजारच्या गावचं लग्न ठरलेलं जोडपं. प्रीवेडिंग शूट. त्यांना आमची जुनी राजदूत मोटरसायकल पाहिजे होती, चालवायला नाही, नुसती उभी करायला. पोरगी लांब गाऊन घालून मागच्या सीटवर एका बाजूनं बसणार, पोरगा गॉगल लावून किक मारल्याची ॲक्टिंग करणार, अन् मागे पऱ्हाटीचं वावर. फोटोग्राफर म्हणे, दादा गाडी धुवू नका, धूळ राहू द्या, विंटेज लुक येते, फक्त सीट पुसून घ्या, मॅडमचा ड्रेस भाड्याचा आहे.

मग गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणे, "दादा, हे साइडचे हुक काढता येतीन का? फ्रेममध्ये बरे नाही दिसत."

हे हुक दुधाच्या कॅनचे. बाबांनी वेल्डिंगवाल्याकडून सळाख वाकवून दोन्हीकडे लावून घेतले होते अन् कित्येक वर्षं रोज पहाटे दूध त्याच्यावर लटकून दारव्ह्याला गेलं. मग म्हशी विकल्या, दूध बंद झालं, हुक राहिले. बाबा छपरीत बाजेवर बसून सगळं ऐकत होते. म्हणे, "राहू दे म्हना त्याले. लग्न झाल्यावर पोराच्याच कामी येतीन." नवरदेव हसला, नवरी काही हसली नाही. हुक काढले नाहीत. फोटोग्राफरनं त्याच्यावर ओढणी टाकली अन् काम चालवलं.

त्या पोराचा राग नाही आला मला, त्याचा धंदा आहे. पण दिवसभर डोक्यात हेच घुमत होतं की लोकांना जुनं पाहिजे असते, वापरलेलं नको असते. धूळ चालते, हुक चालत नाहीत. धूळ तर काय, आज बसली उद्या पुसली, हुक मात्र कोणीतरी कशासाठी तरी लावलेले असतात.

राजदूत तशी शोभेची गाडी कधीच नव्हती. एस्कॉर्ट्स कंपनी काढायची, डिझाइन पोलंडच्या एसएचएल नावाच्या गाडीवरून घेतलेलं, १७५ सीसीचं टू स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल टाकायचं अन् मागे निळा धूर सोडत जायचं. दूधवाले, ग्रामसेवक, मास्तर, बियाण्याचे एजंट, सगळ्यांकडे हीच. आमचा मिस्त्री अजून तिच्यावर हात टाकतो. तो म्हणतो या इंजिनात व्हॉल्व्हच नाहीत, पिस्टनच वर-खाली होताना भोकं उघडतो अन् बंद करतो, हलणारे भाग कमी, म्हणून पाना अन् डोकं असलं की कोणालाही जमते. ते खरंही आहे, मी स्वतः लहानपणी बाबांना धुऱ्यावर बसून प्लग साफ करताना पाहिलं आहे, घासलेट अन् जुना ब्रश, बस. आताची माझी गाडी बीएस सहावाली, म्हणजे धुराच्या नव्या नियमाची, एप्रिल २०२० पासून सगळ्या नव्या गाड्या तशाच येतात, फ्युएल इंजेक्शन, सेन्सर. पिवळा लाइट लागला की शोरूममध्ये न्या, ते मशीन लावून सांगतील. गाडी चांगली आहे, ॲव्हरेज तर विचारू नका, धूर नाही, पाठ दुखत नाही. मला कोणी म्हटलं ही देऊन रोज राजदूत चालव, तर मी हात जोडीन. पण नवी गाडी उघडून पाहायची मला कधी इच्छा होत नाही, राजदूतची होते. ओढ आहे ती तिथंच कुठंतरी आहे, असं वाटते.

पोरगा म्हणे बाबा आपण हिला विंटेज म्हणून रजिस्टर करू. बसला मोबाइल घेऊन. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं त्याचे नियम काढले आहेत, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जास्त झालेली दुचाकी नाहीतर चारचाकी, मूळ रूपात ठेवलेली, मोठा फेरफार न केलेली. मग 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबर प्लेट मिळते, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, ती १० वर्षं चालते, अन् गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढायची नाही, प्रदर्शन-रॅलीला किंवा दुरुस्ती-पेट्रोलसाठीच काढायची. एक तर आपली तेवढी जुनी नाही. अन् दुसरं, मूळ रूपात म्हणजे काय हो? हिचं कार्बोरेटर दुसऱ्या गाडीचं, सीट दिग्रसच्या सीटवाल्यानं शिवलेली, टाकीचा रंग पोळ्याला बैलाच्या शिंगांना लावून उरलेला. एकेक पार्ट बदलत बदलत ती चालत राहिली. मूळ रूपात राहतात त्या शेठ लोकांच्या गाड्या, कारण त्या पोर्चमध्ये उभ्या असतात. नियम चुकीचा नाही म्हणत मी, नियमाला कुठंतरी रेघ मारावीच लागते, फक्त आमच्या इकडचं जुनं त्या रेघेच्या बाहेर पडते एवढंच.

घड्याळांचंही तसंच चाललं आहे. एचएमटीनं १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीसोबत बंगलोरला घड्याळं काढायला सुरुवात केली, अन् मग नोकरी लागली की एचएमटी, लग्नात जावयाला एचएमटी. बाबांची 'जनता' आहे, चावीची, रोज सकाळी चहाच्या आधी चावी देतात. घड्याळाचा कारखाना बंद होऊन वर्षं झाली, आता ऑनलाइन तिला भाव आला. पण त्यात मेख अशी की जुन्या मशिनीवर नवा रंगवलेला डायल बसवून विकणारे खूप झाले, हिरवा, गुलाबी, कंपनीनं कधी काढलाच नाही असला. दिसते एकदम चकाचक. बाबांच्या घड्याळाचा डायल पिवळट पडला, सहाच्या आकड्यापाशी पाण्याचा डाग आहे, अन् ज्यांना कळते ते लोक म्हणे असाच डायल शोधतात. बाबांना हे सांगितलं तर म्हणे, डागाचे पैसे वेगळे घेजो.

इथून ते शूटवाले गेले दारव्हा मोतीबाग स्टेशनला, शकुंतला नावाच्या जुन्या रेल्वेच्या रुळांवर फोटो काढायला. आता आमच्या भागात फोटोसाठी ती एक फेमस जागाच झाली. मूर्तिजापूरहून इकडे यवतमाळ अन् तिकडे अचलपूर, अडीच फुटी नॅरोगेज, इंग्रजांच्या काळातल्या कंपनीनं वऱ्हाडचा कापूस मुंबईला न्यायला टाकलेली, तिथून तो मँचेस्टरच्या मिलला जायचा. गंमत म्हणजे इंजिनही मँचेस्टरचंच, १९२१ मध्ये बनलेलं, १९२३ पासून इकडे धावलेलं, अन् ते थेट १५ एप्रिल १९९४ ला थांबलं, मग डिझेल लागलं. बाकी रेल्वे सरकारी झाल्या तरी ही लाइन कंपनीच्याच मालकीची राहिली. कोळशाचं इंजिन होतं तेव्हा मी त्यातून गेलेलो आहे, डोळ्यात कचरा जायचा, आई खिडकीजवळ बसू द्यायची नाही, अन् स्टेशन आलं की गार्डच उतरून तिकिटं देत फिरायचा. लिहायला मस्त वाटते. पण कोणी रीलमध्ये रडक्या म्युझिकवर "गेले ते दिवस" टाकलं की माझं डोकं सरकते. बाळंतीण घेऊन त्या गाडीत बसलेल्या माणसाला विचारा कसे होते ते दिवस. आमच्या लोकांना ब्रॉडगेज पाहिजे, अन् बरोबरच आहे त्यांचं. गाडी आवडणं वेगळं अन् तीच परत पाहिजे म्हणणं वेगळं.

आता फोटोचं. संध्याकाळी पोरानं आबाजींचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, फोटो मोबाइलमध्ये घेतला अन् कोणत्या तरी ॲपमध्ये टाकून रंगीत करून दाखवला. आबाजी गोरेपान, फेटा जांभळा, गाल एकदम गुळगुळीत. बाबा बराच वेळ पाहत राहिले अन् म्हणे, "हे कोन होय?" आबाजींच्या तोंडावर देवीचे वण होते. त्या काळी घराघरात देवीचा रोगी असे, आपला देश देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं ते १९७७ मध्ये. ॲपला वाटलं डाग आहेत, पुसून टाकले. जुन्या स्टुडिओवालेही काचेवर पेन्सिल फिरवून चेहरा साफ करत, पण आमच्या आबाजींना कोण तेवढी मेहनत घेते, ते जसे होते तसे आले.

तो ब्लॅक अँड व्हाइट फोटो अजून असा खणखणीत की मिशीचा केस न् केस मोजावा. अन् काकाच्या लग्नाचा रंगीत अल्बम काढला, १९८० नंतरचा, तर सगळे वऱ्हाडी तिखटाच्या पोत्यात लोळून आल्यासारखे लालभडक. त्याचं कारण साधं आहे, काळ्या-पांढऱ्या फोटोत चांदीचे बारीक कण असतात, नीट धुतला असला की टिकते, हायपो म्हणजे धुवायचं केमिकल त्यात राहून गेलं तर पिवळा पडते. रंगीत फोटोत नुसते रंग, त्यातला निळसर रंग आधी उडतो अन् लाल मागे राहते. म्हणजे आबाजी चांदीवर उतरले अन् काका रंगावर. काकाला सांगितलं नाही हे.

फेट्याचा खरा रंग कोणता यावरून घरात वाद लागला. बाबा म्हणे केशरी, आई म्हणे मी तर त्यांना फेट्यात पाहिलंच नाही. शेवटी नेरच्या आत्याला फोन लावला.

आत्या खदाखदा हसली. "अरे बावा, थो फेटा त्याइचा थोडीच होता! फोटोवाल्याच्या घरचा होता. कोट बी त्याचाच. जो येईन त्याले थोच कोट अन् थोच फेटा. माय सांगे ना, हातातली घडी तं बंदच होती, नुसती दिसाले बांधली. बाबा रोज टोपीच घालत."

"मग रंग कोणता होता?"

"मले काय माहीत बापा, मी जन्माले तरी आली होती का? रंगीत-बिंगीत नको करू. मोठा करून कागदावर काढून पाठव, मोबाइलमधलं मले दिसत नाही."

तर मूळ फोटो स्कॅन करून त्याची मोठी कॉपी काढायची, ॲप न लावता. फ्रेमवाल्याला सांगायचं की काच अन् फोटोच्या मधात पुठ्ठ्याचं माउंट टाक, नाहीतर पावसाळ्यात फोटो काचेला चिकटते अन् मग सोडवता येत नाही, आजीचा तसाच गेला. मूळ फोटो आईच्या पेटीतच राहू द्यायचा. आत्याला एक कॉपी, काकाला एक, बाजाराच्या दिवशी दारव्ह्याला जातो तेव्हा करून आणीन, राजदूतची क्लच वायरही पाहायची आहे मिळाली तर.