दोन लिटरचा हिशेब

टूर निघायच्या आठवडाभर आधी आमची प्रवाशांबरोबर बैठक असते. पासपोर्ट कुठे ठेवायचा, थंडी किती असेल, जैन जेवण मिळेल का, हे सगळं लोक माईकवर विचारतात. एक प्रश्न मात्र माईकवर कधीच येत नाही. चहाच्या वेळी कुणीतरी काका कप घेऊन जवळ येतात, बायको लांब आहे याची खात्री करतात आणि आवाज उतरवून म्हणतात, "मॅडम, ते ड्यूटी फ्रीचं कसं असतं? परवडतं का?"

मी पीत नाही, ओढत नाही. पण चौदा वर्षं लोकांच्या पिशव्या मोजत आलेय, त्यामुळे हा हिशेब मला पिणाऱ्यांपेक्षा पक्का येतो. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दारू घ्यायची तर परत येताना घ्या, तीही आपल्याच विमानतळावर उतरल्यावर. सिगारेटींच्या वाटेला जाऊ नका. आणि दुसऱ्याची ऑर्डर घेऊन निघू नका, मग तो सोसायटीचा चेअरमन असो की साक्षात व्याही.

उतरल्यावरच का? बहुतेक परदेशी दारूवर आपल्याकडे नुसतं सीमाशुल्कच एकूण १५० टक्के. शंभराची बाटली देशात शिरतानाच अडीचशेची होते, मग त्यावर राज्याचं उत्पादन शुल्क, व्हॅट, दुकानदाराचा नफा. ड्यूटी फ्रीमध्ये ही सगळी उतरंड टळते. आणि मुंबईला दुकान कुठे आहे? इमिग्रेशन झालं की बॅगांच्या पट्ट्याच्या अलीकडे. बॅगा यायला तसाही वेळ लागतो. बाटली तिथे घेतली की ती फक्त टॅक्सीपर्यंत न्यायची. पंधरा दिवस युरोपभर सांभाळत हिंडवायची गरज नाही. भरलेली लिटरची काचेची बाटली दीड किलोच्या वर जाते, आणि परतीच्या बॅगेत आधीच स्वित्झर्लंडची चॉकलेटं आणि नातवाचे बूट असतात.

आता भाव. इथे लोक हमखास फसतात, कारण ते बाटलीला बाटली लावतात. आपल्या वाइन शॉपमध्ये खंबा साडेसातशे मिलीचा. ड्यूटी फ्रीमधली बाटली बहुतेक वेळा लिटरची. समजा, तिथे लिटर ३,२०० ला आहे आणि नाक्यावर खंबा ३,००० ला. वरवर बघता ड्यूटी फ्री दोनशेने महाग. पण खंब्याच्या दराने लिटर काढलं तर ४,००० होतात, म्हणजे लिटरमागे आठशे वाचले. उलटंही होतं. "दोनावर सूट" अशी पाटी बघून लोक साडेसातशेच्या दोन उचलतात. एका माणसाला दोन लिटर माफ असताना दीड लिटरच घेऊन येतात आणि वर खूश असतात.

आणखी एक गोष्ट. दोन लिटरची मर्यादा व्हिस्कीला आणि वाइनला मिळून एकच आहे. त्यात वाइन भरणं म्हणजे माझ्या मते जागा वाया घालवणं. स्वस्त बाटलीवर वाचून वाचून वाचणार किती?

पण आपली मंडळी नेहमी घेतात त्या स्कॉचमध्ये आता पूर्वीइतकी मजा राहिलेली नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राने आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० वर आणलं, तेव्हापासून नाक्यावरचं दुकान आणि विमानतळ यांच्यातलं अंतर कमी झालं. त्याआधी लोक डोळे मिटून घेत आणि बरोबर ठरत. आता फोन काढून नाक्यावरचा भाव बघावा लागतो. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनबरोबर जो व्यापार करार झाला, त्यात व्हिस्कीवरचं सीमाशुल्क १५० वरून आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलंय. तसं झालं की चहाच्या वेळी माझ्याकडे येणारे काका कमी होतील.

दुकानात गेलात की "फक्त प्रवाशांसाठी" लिहिलेल्या सिंगल माल्ट व्हिस्कीच्या चकचकीत बाटल्या दिसतील. नाव गेलिक, उच्चारता येणार नाही असं. डब्यावर हरणाचं नाहीतर धुक्याचं चित्र, पण किती वर्षं मुरवली तो आकडा कुठेच नाही. ती बाटली बाहेर मिळतच नाही, त्यामुळे भाव ताडून बघायची सोयच नसते. मी आमच्या प्रवाशांना सांगते, जी एरवीही घेतली असतीत तीच घ्या. चित्राला भुलू नका.

आता जाताना. मुंबईहून निघताना काही मंडळींचे हात शिवशिवतात. खोलीवर बसायला लागेल, तिकडे महाग असते, वगैरे. तिकडे महाग असते हे खरंय, पण तिकडचा नियमही तिकडचाच असतो. थायलंडला एक लिटर चालते, दोन नाही. दुबईला चार लिटरपर्यंत सूट. मालदीवला दारू नेताच येत नाही, विमानतळावर ठेवून घेतात आणि परत निघताना हातात देतात. सिंगापूरला बाटली चालते, पण सिगारेटींना सवलत अजिबात नाही, एका पाकिटालाही नाही. हाँगकाँगला एकोणीस सिगारेटी. पाकिटात वीस असतात! हा नियम करणारा माणूस मला एकदा भेटायला हवा.

युरोपात आणखी गंमत. पॅरिसहून रोमला उडताना तुम्हाला तसंच झगमगीत दुकान दिसतं, पण युरोपीय संघातल्या दोन देशांमध्ये प्रवास करणाऱ्यांची करमाफी १ जुलै १९९९ पासून बंद आहे. मुळात ही कल्पना निघाली ती आयर्लंडच्या शॅनन विमानतळावर, १९४७ साली. अटलांटिक ओलांडणारी विमानं तिथे इंधनासाठी थांबत. प्रवासी आयर्लंडमधून निघालेला आणि पुढे कुठेच पोचलेला नाही, मग त्याच्याकडून कर घ्यायचा कुणी? या अधांतरी माणसासाठी ते दुकान. युरोपीय संघाच्या आतल्या आत तुम्ही अधांतरी नसता, एवढाच त्याचा अर्थ. आणि जर्मनी, इटली, स्पेनमध्ये साध्या वाइनवर अबकारी कर मुळात शून्य आहे. तिथली वाइन चाखायची तर हॉटेलजवळच्या सुपरमार्केटात जा. विमानतळावर तुम्ही झगमगाटाचं भाडं भरता.

आता साताऱ्याच्या काकांची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्कॉटलंडची टूर होती. काकांनी एडिनबरा विमानतळावर एक चांगली बाटली घेतली, मुलाने पगारातून पैसे दिले होते. दुकानदाराने ती पारदर्शक पिशवीत घालून, बिल दिसेल असं आत ठेवून, लाल पट्टीने बंद करून दिली. २००६ मध्ये लंडनहून सुटणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवायचा कट पकडला गेला, तेव्हापासून बहुतेक विमानतळांवर हातातल्या सामानात शंभर मिलीच्या वरची बाटली चालत नाही. ही बंद पिशवी त्याला अपवाद, आणि तीही बंद असेपर्यंतच. मी बसमध्ये दोनदा सांगितलं होतं, घरी पोचेपर्यंत पिशवी फोडायची नाही.

विमानात शेजारी नाशिकचे एक गृहस्थ. त्यांनी विचारलं, "कुठली घेतलीत?" काकांनी दाखवली. पिशवीतून दिसत होतीच, पण डबा गोल, पत्र्याचा, उघडून दाखवण्यासारखा. पट्टी फाटली.

मधे विमान बदलायचं होतं, तिथे पुन्हा तपासणी. तिथल्या बाईने पिशवीवरून बोट फिरवलं, फाटलेल्या कडेशी थांबवलं आणि मान हलवली. काका आधी इंग्रजीत बोलले, मग हिंदीत, शेवटी मराठीत. मी बिल दाखवलं, वेळ दाखवली, बाई काही बधली नाही. बाटली निळ्या पिंपात गेली, आतल्या बाटल्यांवर आपटल्याचा आवाज आला. काका थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग त्यांनी मला विचारलं, "मॅडम, डबा तरी राहू दे म्हणावं का?" डब्याला तिची हरकत नव्हती. पुढच्या वर्षी त्यांच्या घरी जेवायला गेले, तर ओट्यावर तो डबा उभा. काकूंनी त्यात लाटणं, पळ्या आणि रवी ठेवली होती.

तेव्हा विमान बदलायचं असेल तर बाटली घेऊच नका, किंवा चेक-इनच्या बॅगेत घाला. मुलाकडे अमेरिकेला जाणारे आई-बाबा तिथल्या पहिल्या विमानतळावर बॅगा ताब्यात घेऊन पुन्हा देतात, तेव्हा ती बॅगेत टाकायची संधी असते. मुंबईला उतरून पुढे नागपूरला उडणाऱ्यांनीही कस्टम्स ओलांडलं की तेच करावं.

सिगारेटींबद्दल फार बोलत नाही. भारतात शंभर माफ आहेत. २०१४ च्या अर्थसंकल्पाआधी दोनशे होत्या. आणि कार्टन येतं दोनशेचं! म्हणजे दुकान तुम्हाला हौसेने जे विकतं, ते अख्खं घेऊन, "जाहीर करण्यासारखं काही नाही" म्हणणाऱ्यांच्या हिरव्या मार्गाने बाहेर पडलात की तुम्ही गुन्हेगार. एका तरुण प्रवाशाने दुबईहून मित्रांसाठी दोन कार्टन आणली होती. एक्स-रेमध्ये दिसली. जादा तीनशे सिगारेटींवरचं शुल्क आणि मित्रांकडून येणारे पैसे यांची बेरीज-वजाबाकी तो तिथल्या खुर्चीवर बसून फोनवर करत होता. बाहेर आमचा अख्खा ग्रुप त्याच्या नावाने बोटं मोडत उभा. व्हेपचं तर नावच काढू नका, २०१९ पासून आपल्याकडे बंदी आहे.

राहिली दुसऱ्यांची ऑर्डर. न पिणाऱ्या माणसाचे दोन लिटर हे ग्रुपमध्ये सर्वांत मागणी असलेलं चलन. "काकू, तुमचा कोटा रिकामाच जातोय, तुमच्या पासपोर्टवर दोन घेऊ?" मी नाही म्हणते. सवलत त्या त्या प्रवाशाची असते, वाटून घ्यायची नसते. पण मी पट्ट्यावर बॅगा मोजत असते, सगळीकडे माझं लक्ष कसं राहणार? सांगलीच्या एका काकू, माळकरी, कांदा-लसूणही न खाणाऱ्या. भिडेखातर हो म्हणाल्या. बाटल्या ज्याच्या त्याने नेल्या. बिल मात्र काकूंच्या नावाचं, ते त्यांनी नीट घडी घालून पर्समध्ये ठेवलं, त्यांची सवयच तशी.

चार दिवसांनी त्यांच्या सूनबाईंचा मला फोन. "मॅडम, रागावू नका, पण एक विचारायचंय. टूरमध्ये आई... बऱ्या होत्या ना?"